उपाशी शरीर लढेल कसे?

परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट लागतो. चिखलदरा व धारणी हे अमरावती जिल्ह्याचे दोन तालुके. वस्ती मुख्यतः कोरकूंची. १९९३ साली येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. कशाने जात होती ही मुले? न्यूमोनिया, हगवण, ताप! पण हे रोग अकोला-अमरावतीच्या मुलांनाही होतात आणि ती बहुधा आठवड्याभरात पुन्हा खेळू लागतात. मग तोच जंतू एकाला खोकल्यावर सोडतो आणि दुसऱ्याचा जीव घेतो, असे का व्हावे?

याचे उत्तर शोधायला ताटाकडे पाहावे लागते. जंतू शरीरात शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पांढऱ्या पेशी भराभर दुभंगून काही दिवसांत हजारोंनी वाढतात. त्यांतल्या काही जी प्रतिपिंडे तयार करतात, ती म्हणजे प्रथिनेच. एवढी फौज उभी करायला माल कोठून आणायचा? अन्न अपुरे असेल तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून तो पुरवते. पण किती दिवस? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. काही पांढऱ्या पेशी तिच्यात लढाईचे शिक्षण घेतात. अतिकुपोषित बालकात ही ग्रंथी आक्रसते. म्हणजे सैनिकांची शाळाच बंद!

‘अ’ जीवनसत्त्वाचे काम निराळे. ते कमी पडले की श्वासनलिकेचे व आतड्याचे ओलसर अस्तर बिघडते आणि जंतूंना वाट मोकळी होते. म्हणून नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर बाळाला ‘अ’ जीवनसत्त्व पाजतात.

आता दुष्टचक्र पाहा. तापात शरीराला जास्त उष्मांक लागतात, पण भूक मरते. हगवणीत खाल्लेले अंगी लागत नाही. त्यात घरातली आजी म्हणते, “पोट बिघडलं हाय, काई देऊ नोको.” खरे तर तेव्हाही आईचे दूध व मऊ अन्न चालू ठेवायचे असते. अशक्त झालेले मूल पुढच्या आजाराला लगेच सापडते. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आलेले असते, नवे पीक शेतात उभे असते. तेव्हा हे चक्र अधिकच जोरात फिरते.

बैरागडला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी हे जवळून पाहिले. (२०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली.) औषधाने न्यूमोनिया हटेल, पण घरात दाणा नसेल तर? डॉक्टर शेतीच्या अभ्यासाला लागले!

मात्र दुप्पट खाल्ले की प्रतिकारशक्ती दुप्पट होईल, असे समजू नका. उणीव भरून निघाली की अन्नाचे हे काम झाले. कोविडच्या साथीत ‘शक्तिवर्धक’ चूर्णे, गोळ्या खूप खपल्या. धडधाकट, नीट जेवणाऱ्याला त्यांचा फायदा शंकास्पदच. त्यापेक्षा अकोल्याच्या डाळ मिलमधली तूर, ज्वारीची भाकर आणि परसातल्या मुंगण्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला बरा. पाल्यातल्या कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. मात्र भाजीला थोडे तेल हवेच, कारण कॅरोटीन स्निग्धांशाशिवाय नीट शोषले जात नाही. वर लिंबू पिळले, तर पाल्यातले लोहही जास्त अंगी लागते.