मेडिकलच्या काउंटरमागे कोण उभं आहे?



आपल्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरून दवाखाना गाठायचा म्हणजे एसटीची वाट बघा, दिवसाचा रोज बुडवा. म्हणून पोरगं तापलं की पाय आधी मेडिकलकडे वळतात. "दादा, तापाची गोळी द्या," एवढंच आपण सांगतो आणि मिळेल ती पुडी घेऊन घरी येतो. तो दादा शिकलेला आहे का, त्याच्या कामावर लक्ष कोण ठेवतं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्याबद्दल बोलू या.

डॉक्टरांची चिठ्ठी वाचून औषध देणारा माणूस कायद्यानं नोंदणी झालेला फार्मासिस्ट असावा लागतो. बारावी सायन्सनंतर २ वर्षांचं डी. फार्म. आणि ५०० तासांचं प्रत्यक्ष काम, किंवा ४ वर्षांचं बी. फार्म. करून तो नाव नोंदवतो. पूर्वी असं नव्हतं. इंग्रजांच्या काळात औषध कुणीही विकायचं, त्यात भेसळही व्हायची. १९३०मध्ये सरकारनं कर्नल रामनाथ चोप्रा यांची चौकशी समिती नेमली. १९३२मध्ये प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. त्यांच्याच पुढाकारानं १९३९मध्ये इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन ही देशभरातल्या फार्मासिस्टांची संघटना उभी राहिली. पुढे १९४८मध्ये फार्मसी कायदा आला. आज या संघटनेचं मुख्य कार्यालय मुंबईत, सांताक्रूझच्या कलिना भागात आहे.

ही संघटना करते काय? आपल्या प्रभागसंघाचं उदाहरण घ्या. प्रभागसंघ आपल्याला कर्ज मंजूर करून देणारी बँक नाही. पण तो आपल्याला शिकवतो, एकत्र आणतो, आपलं म्हणणं वर पोचवतो. तसंच इथं. फार्मासिस्ट स्वखुशीनं सभासद होतात. दुकानातले, दवाखान्यातले, कारखान्यातले, कॉलेजात शिकवणारे, सगळेच त्यात असतात. संघटना त्यांच्यासाठी मासिकं काढते, प्रशिक्षण घेते, सरकारपुढे सूचना मांडते. क्षयरोगाच्या कामातही तिनं मेडिकलवाल्यांना जोडून घेतलं आणि रुग्णाला समोर गोळी कशी द्यायची ते शिकवलं. दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती राष्ट्रीय फार्मसी सप्ताह पाळते.

पण लायसन्स देणं किंवा काढून घेणं तिच्या हातात नाही. फार्मासिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल करतं. दुकानाचं लायसन्स आणि तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे असते. दुकानात काही चुकीचं घडलं तर तक्रार या प्रशासनाकडे करायची. तक्रारीला आधार लागतो, म्हणून औषधाचं बिल मागून घ्या. बिल मागणं म्हणजे भांडण काढणं नव्हे.

शिकलेला माणूस काउंटरमागे असला तर काय फरक पडतो, ते सांगते. आमच्या एका गटातल्या ताईच्या सासूबाईंना ब्लडप्रेशरची गोळी चालू होती. मुंबईच्या मुलानं तिकडच्या डॉक्टरांना दाखवून आणखी एक गोळी पाठवली. दोन पाकिटांवर दोन नावं, म्हणून आजी दोन्ही घ्यायच्या आणि उठताना चक्कर येऊन पडायच्या. पाकिटं संपली तेव्हा ताई ती घेऊन मेडिकलवर गेली. तिथल्या फार्मासिस्टनं दोन्ही उलटून बघितली. कंपन्या वेगळ्या, पण आतलं औषध एकच! त्यानं गोळी न देता आजींना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. डोस निम्मा झाला, चक्कर थांबली. पाकिटावर कंपनीच्या नावाजवळच औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावून घ्या.

औषध तेच, पण कुणाला, कशासाठी आणि किती द्यायचं यावर सारं अवलंबून असतं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले आपले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांचंच बघा. प्राझोसिन ही मुळात ब्लडप्रेशरची गोळी. ती विंचूदंशावर वापरून त्यांनी कितीतरी जीव वाचवले. म्हणून ती घरात ठेवून स्वतःच घ्यायची नाही. विंचू चावला की दवाखानाच गाठायचा.

काही गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. काहींवर लाल चौकटीत इशारा असतो. त्यात क्षयरोगाची औषधं आणि जोरदार अँटिबायोटिक येतात. २०१४पासून अशा औषधाच्या विक्रीची नोंद दुकानदारानं वेगळ्या वहीत ठेवायची असते: डॉक्टर कोण, रुग्ण कोण, औषध किती. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडलं, तर उरलेले जंतू दणकट होतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

तर मैत्रिणींनो, मेडिकलवर गेलात की एवढं विचारा. हे औषध कशासाठी? जेवणाआधी की नंतर? किती दिवस? चालू असलेल्या गोळ्यांबरोबर चालेल का? पोटुशी असाल किंवा अंगावर पाजत असाल तर ते आधी सांगा. सुट्या गोळ्या घेताना मुदतीची तारीख बघून घ्या. "फार्मासिस्ट आहेत का?" हेही विचारा. नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असायला हवं.

घरीही लक्ष द्या. आपल्याकडच्या पावसात गोळ्या सादळतात. त्या चुलीजवळ किंवा खिडकीत न ठेवता झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. पुराच्या पाण्यात भिजलेलं औषध वाळवून वापरू नका.

येत्या नोव्हेंबरात फार्मसी सप्ताह येईल. तेव्हा ग्रामसंघाच्या बैठकीला जवळच्या एका फार्मासिस्टला बोलवा आणि प्रत्येकीनं घरातला औषधाचा डबा घेऊन या. मुदत संपलेलं काय, दोनदा घेतलं जाणारं काय, ते तिथंच कळेल. बचतीच्या वहीसारखाच औषधाचा डबाही महिन्यातून एकदा तपासायला हवा.