तेंदूचा हंगाम आणि बंदुकीची सावली

गडचिरोलीत भर उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी घरच्या सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. वर्षाची बरीचशी रोकड या थोड्याच दिवसांत हाती येते. नेमका यावरच नक्षलवाद्यांचा डोळा असे. ठेकेदाराकडून खंडणी वसूल व्हायची आणि तिचा भार शेवटी मजुराच्या दरावरच पडण्याची भीती असायची. २८ जुलैपासूनचा त्यांचा ‘शहीद सप्ताह’ ऐन रोवणीत येई. रस्त्यावर झाडं आडवी पडली की एसटी बंद, आठवडी बाजार ओस. ‘खबरी’ असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसं मारली गेली. त्यामुळे पोलिसांशी बोलणंही जिवावर बेतणारं होतं.

तरीही गावं हातपाय गाळून बसली नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि २०११पासून स्वतःचा बांबू विकला. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतःच करू लागल्या. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की दर आणि हिशेब आता गावासमोर उघड मांडले जातात.