बी. प्रभा आणि कोळीवाड्याबाहेरची चित्रं

अंधेरीच्या एखाद्या दिवाणखान्यात लांब मानेची, शेलाट्या बांध्याची, मासळीची पाटी घेतलेली कोळीण भिंतीवर दिसली की चित्राखालची सही न वाचताच पाहुणे म्हणतात, ‘बी. प्रभा!’ ओळख बरोबर असते. तिच्यामागून येणारे समज मात्र बरेचसे चुकीचे.

पहिला समज असा, की या बाई वेसावा किंवा माहीमच्या कोळीवाड्यातल्या असणार. प्रत्यक्षात बी. प्रभा, म्हणजेच प्रभा आगे, यांचा जन्म १९३३ चा, नागपूरजवळच्या बेला गावचा. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. नागपूरच्या कलाशाळेनंतर त्या मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकायला आल्या.

हे कोळीजीवनाचं हुबेहूब चित्रण आहे, असंही सर्रास म्हटलं जातं. वेसाव्याच्या मासळीबाजारात एक फेरी मारावी. तिथली कोळीण खणखणीत आवाजात भाव सांगते, घासाघीस करणाऱ्याला एका वाक्यात गार करते. प्रभांची कोळीण अबोल, उदास. तिची ताणलेली लांबी हा शैलीचा भाग. सुरुवातीला अमूर्ताकडे झुकलेल्या प्रभा पुढे मनुष्याकृतींकडे वळल्या आणि त्या वळणावर अमृता शेरगिल यांचा प्रभाव होता. शिवाय दुष्काळ, भूक, बेघरपण हेही त्यांचे विषय. दिवाणखान्यात ती चित्रं कमी लागतात, इतकंच.

शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी १९५६ मध्ये लग्न झालं, म्हणून ‘नवऱ्यामुळे नाव झालं’ हा शेरा ठरलेला. पण त्या विद्यार्थिनी असतानाच अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी त्यांची तीन चित्रं विकत घेतली होती. अशा शेऱ्यांतून पॅरिसही सुटलेलं नाही. इम्प्रेशनिस्टांच्या आठपैकी सात प्रदर्शनांत चित्रं मांडणाऱ्या बर्थ मोरिसोला लोक ‘चित्रकार एदुआर माने यांची शिष्या’ म्हणत राहिले. माने भेटण्याआधीच, १८६४ मध्ये, तिची चित्रं ‘सलों’ या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात लागली होती. १८९५ मध्ये ती गेली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर ‘व्यवसाय नाही’ अशी नोंद झाली!

आणि किंमत? आज लिलावात लाखांचे आकडे ऐकून प्रभांना पहिल्यापासून श्रीमंत गिऱ्हाईक लाभलं असं वाटतं. एअर इंडियाने १९५६ मध्ये त्यांची सहा चित्रं घेतली ती प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना. सहांचे मिळून ५२५.