शिवणीत माया सोडा



आमच्या नातवाची बार मित्सवा पुढल्या वर्षी आहे. मागच्या महिन्यात तो माझ्याकडे आला नि म्हणाला, "आजी, तालीतची पिशवी मला स्वतः शिवायचीय. तुझं मशीन शिकव." मी हसले आणि पटकन बोलून गेले, "अरे, तुझ्या बहिणीला सांग, ती शिवेल." तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आजी, हॉस्पिटलात टाके घालणारे सर्जन बहुतेक पुरुषच होते ना? तू तर नुसती काढायचीस!"

खरं सांगते, चाळीस वर्षं नर्सिंग केलं, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला दादा आठवला.

आम्ही भायखळ्याला राहायचो. आईचं पायमशीन खिडकीशी असे. आमचे फ्रॉक, परकर, उशांचे अभ्रे, दारफाळणीच्या सणाचे पांढरे कपडे, सगळं त्यावरच शिवलं जाई. साधारण १९५७ साल असेल. दादा बारा वर्षांचा. आई बाजारात गेली की तो मशीनवर बसायचा. एकदा त्याने स्वतःच्या चड्डीची उसवलेली शिवण इतकी सरळ टीप मारून शिवली की आईलाही आपलीच वाटली. पप्पांना कळलं तेव्हा मात्र त्यांनी त्याचा कान पिळला. "बायकांची कामं करतोस?" गंमत अशी की पप्पांचा कोट शिवणारे मास्तर पुरुषच होते. पैसे घेऊन शिवलं तर पुरुषाचा धंदा, घरात फुकट शिवलं तर बाईचं काम! हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही. आमच्या शाळेतही शिवणाच्या तासाला मुली आत आणि मुलगे मैदानावर.

दादा पुढे इस्रायलला गेला, लोदला राहिला, कारखान्यात लागला. १९७९ साली मी अमेरिकेहून त्याला भेटायला गेले. कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं मशीन दिसलं. "वहिनीचं का?" विचारलं. म्हणाला, "माझं. पप्पांना लिहू नकोस." चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, दोन मुलांचा बाप, तरी ही भीती! दादा आता नाही. पण माझ्याही तोंडून तेच पप्पांचं वाक्य निघालं, याची मला लाज वाटली.

आपल्याच तोरात बघा ना. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात अंजिराची पानं आदाम आणि हव्वा दोघांनी मिळून शिवली. निवासमंडपाच्या वेळी सूत कातलं बायकांनी, पण भरतकामाचं नि विणकामाचं कसब बसालेल आणि अहलियाब या पुरुषांना दिलं, असं निर्गमच्या ३५व्या अध्यायात आहे. इथे अमेरिकेतही आपले लोक सुईदोऱ्यावरच उभे राहिले. जीन्सला तांब्याचे रिव्हेट लावणारा जेकब डेव्हिस हा रीनो गावचा यहुदी शिंपी. लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याला १८७३ साली पेटंट मिळालं. न्यूयॉर्कच्या कारखान्यांत मात्र कापड बेतून कापणारे पुरुष, त्यांना पगार जास्त, आणि मशीनवर वाकलेल्या मुली, त्यांना कमी. २५ मार्च १९११ ला ट्रँगल कारखान्याला आग लागली. एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ जीव गेले, बहुतेक यहुदी आणि इटालियन पोरी. ते काम "हलकं" कसं म्हणायचं?

१९७२ साली इथे कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांत मुलगा-मुलगी भेद बंद झाला. मुलगे शिवण शिकू लागले, मुली सुतारकाम. पण पुढे कित्येक शाळांतून तो विषयच गेला. कापडाची दुकानंही कमी झाली. १९४३ पासून चाललेल्या जोअ‍ॅनची सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद पडली. तरी २०२०च्या एप्रिलमध्ये कापडी मास्क वापरा म्हणून सांगितलं, तेव्हा घरोघरची मशीनं माळ्यावरून खाली आलीच. माझ्या जुन्या सुती साड्यांचे दुपदरी मास्क आम्ही शिवले. कापायला जावई, टीप मारायला मी. इलॅस्टिक मिळेना, म्हणून नाड्या लावल्या.

तर आता नातवाला आईचेच धडे देते आहे. तुमच्याही उपयोगी पडतील:

१. सुती कापड आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. नाहीतर पहिल्या धुण्यात कपडा आटतो.

२. हातशिलाईचा दोरा हातभरच घ्या. लांब दोरा गुंततो, मग वेळही जातो नि डोकंही.

३. जाड कपड्याला बटण लावताना बटणावर आगकाडी ठेवून तिच्यावरून टाके घ्या. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खाली दोऱ्याचे चार वेढे द्या. बटणाला मान मिळते, काजात नीट बसतं.

४. टीप सुटू लागली की मशीनला शिव्या देऊ नका. दोरा काढून परत ओवा, सुई बदला. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

५. तागाचं म्हणजे लिननचं आणि लोकरीचं कापड एकत्र शिवू नका. ते आपल्याला मना आहे.

६. शिवणीत माया सोडा. वाढत्या मुलांच्या कपड्याला आई चांगली दोन बोटं माया ठेवायची. मूल वाढलं की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. माया नसेल तर चांगला कपडाही फुकट जातो.

पप्पांनी दादासाठी थोडी माया सोडली असती तर त्याचं मशीन चादरीखाली राहिलं नसतं.

मी नातवाला फोन करून म्हटलं, "बाळा, आजीचं चुकलं. रविवारी ये." आला. पहिली टीप वाकडी गेली, ती उसवली. दुसरी बरी आली. पिशवी निळ्या मखमलीची आहे, आणि मखमल भारी सरकते, म्हणून आधी हाताने धावदोरा घालायला लावला. आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्याने माझ्या दादाचं नाव पांढऱ्या दोऱ्याने भरलंय. अक्षरं जरा तिरकी आहेत. राहू देत.

तुमच्या घरात एखादा मुलगा मशीनजवळ घुटमळत असेल तर त्याला खुर्ची द्या. सर्वांना शाब्बाथ शालोम.