जेवणाच्या टेबलावरचे स्पॅनिश

सालामांकाला गेलेल्या मराठी मुलीची पहिली परीक्षा वर्गात होत नाही, जेवणाच्या टेबलावर होते! स्पेनमधल्या या शहराचे विद्यापीठ १२१८ सालचे. स्पॅनिश शिकायला इथे जगभरातून मुले येतात आणि अनेकजण स्थानिक कुटुंबात राहतात. दुपारचे जेवण दोन-तीनला, रात्रीचे नऊच्या पुढे. सातलाच पोटात कावळे ओरडू लागतात, पण स्वयंपाकघर सामसूम! शाकाहारी मुलीने 'मांस खात नाही' एवढेच सांगून भागत नाही. मसुराच्या आमटीतही हॅमचे तुकडे निघतात. अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड ऑम्लेट, 'तोर्तिया', तारून नेते.

खरी अडचण बोलण्याची. घरच्या बाई मायेने काही विचारतात, मुलगी मनात इंग्रजी वाक्य जुळवत बसते, तोवर विषय बदललेला असतो. मग जेवण आटोपून खोलीचे दार लावून घ्यावेसे वाटते. नेमके हेच टाळायचे. त्यापेक्षा मराठीतून विचार करून पाहावा. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे सरळ 'मला कॉफी आवडते'. रचना तीच! त, द हे उच्चारही आपलेच.

फसगत होतेच म्हणा. 'कान्सादा' म्हणजे दमलेली. त्यातला 'न' गळला की 'कासादा', म्हणजे विवाहित! आदराने 'उस्तेद' म्हटले, तर बाईच हसून 'तू' म्हणायला सांगतात. आईच्या वयाच्या बाईंना अगंतुगं करताना जीभ अडखळते. पण मग एखाद्या रात्री बाई भांडी पुसायचे फडके हातात देतात, दिवस कसा गेला विचारतात आणि तोडकेमोडके का होईना, उत्तर तिथल्या तिथे निघते.