टिपणे, व्याख्यानांची
व्याख्यान ऐकत असता त्यातील मुद्दे व त्यांचा परस्परसंबंध स्वतःच्या शब्दांत नोंदवून ठेवणे. प्राध्यापकांनी सावकाश सांगितलेला मजकूर जसाच्या तसा उतरविणे हे टिपण नव्हे, श्रुतलेखन होय. लोणी काळभोर (जि. पुणे) येथील विद्यापीठात काय वा अन्यत्र काय, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी व्याख्यानातील संज्ञा मूळ रूपात व विवरण मराठीत लिहावे, न उमगलेला भाग त्यामुळे तत्काळ ध्यानात येतो. वॉल्टर पॉक (कॉर्नेल विद्यापीठ) यांच्या पद्धतीत डावीकडे रुंद समास सोडून त्यात मागाहून प्रश्न लिहितात. फेर्दिनां द सोस्यूर यांचा भाषाविज्ञानावरील ग्रंथ (१९१६) त्यांच्या मृत्यूनंतर मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सिद्ध झाला. त्याच्या दोन्ही प्रमुख संपादकांनी ती व्याख्याने ऐकलेली नव्हती.