टाक्याचे तारतम्य

पूर्वी मुकणे राजघराण्याच्या अमलाखाली असलेला आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालेला जव्हारचा मुलूख, आणि त्याच्या शेजारचा मोखाड्याचा डोंगराळ तालुका, हे दोन्ही २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतात. भाताची कापणी उरकली की मजुरीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे येथून बाहेर पडतात, आणि पुष्कळ मुले आश्रमशाळांत आईवडिलांवाचून राहतात. जेथे शिंपी हाताशी नसतो, तेथे सुईदोऱ्याचे ज्ञान ही प्रत्येकाच्या निर्वाहाची बाब ठरते, आणि ते मुलगा-मुलगी हा भेद न करता दिले पाहिजे.

त्यासाठी लागणारा सरंजाम अल्प आहे: सुई, दोरा, कात्री आणि बोटाच्या रक्षणार्थ अंगुस्तान. सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक, हे ध्यानी घेऊन तलम कापडास बारीक आणि जाड कापडास जाड सुई निवडावी. नेढ्यात ओवलेला दोरा हातभरापेक्षा फार लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो आणि कापडातून वारंवार ओढला गेल्याने झिजतो.

सुई खालीवर करीत समान अंतराने पुढे नेली की धावदोरा होतो. महाराष्ट्राच्या खेडोपाडी जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या थरांची गोधडी शिवली जाते ती याच टाक्याने. एकेक टाका दुर्बळ असला तरी दाट ओळींमुळे भार सर्वत्र वाटला जातो, आणि एखादी ओळ उसवली तरी थर सरकत नाहीत.

परंतु काखेतील शिवणीवर किंवा दप्तराच्या पट्ट्यावर ताण एकाच रेषेत येतो, म्हणून तेथे उलटी टीप हवी. सुई एक टाकाभर पुढे काढून मागील टाक्याच्या टोकाशी पुन्हा खुपसावी, म्हणजे वर सलग रेषा उमटते आणि खालच्या अंगाला दोरा दुहेरी पडून शिवण मजबूत होते. याउलट परकराच्या किंवा विजारीच्या काठावर ताण जवळजवळ नसतोच. तेथे कड दोनदा दुमडून, बाहेरच्या कापडाचे एक-दोनच धागे उचलीत सैल हातशिलाई करावी, म्हणजे टाका दर्शनी बाजूस दिसत नाही.

बटणाचा ताण एका बिंदूवर एकवटतो. बटणावर आगपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालावेत, नंतर काडी काढून बटणाखाली दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यावेत. त्यामुळे काजाच्या जाडीपुरती जागा राहते आणि कापड फाटत नाही. शेवटी एकाच ठिकाणी दोन बारीक टाके घेऊन दोरा अडकवावा.

शिकणाऱ्याने जुन्या कापडाच्या तुकड्यावर प्रथम हात बसवावा, आणि शिवण्यापूर्वी ताण कोठे पडणार हे स्वतःस विचारावे. ज्यास याचे उत्तर देता येते, त्यास टाका कोणता घ्यावा हे वेगळे शिकवावे लागत नाही.